कवळीचा वास

मामाजींची कवळी धुणं हे माझं काम आहे. मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांचे वरचे सगळे दात पडले तेव्हा मंगरूळपीरच्या दातांच्या डॉक्टरकडून त्यांनी कवळी करून आणली. ती जेवणासाठी केलेली नव्हती. वर्षावासात रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचायचं काम मामाजींकडे असतं, आणि दात गेल्यापासून त्यांचे शब्द फसफसत बाहेर येत होते. मागे बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. ते त्यांना फार लागलं. कवळी आली आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांचा आवाज विहाराबाहेर हापशीपर्यंत ऐकू आला.

झोपताना ते कवळी काढून स्टीलच्या गिलासात ठेवतात. सकाळी मी ती घासून देते. सासूबाई हात लावत नाहीत. "मानसाबाहेर दात पाह्यले की मले भेव लागते," असं म्हणतात. मला भीती वाटत नाही. टाळूला चिकटतो तो गुलाबी भाग उलटा करून पाहिला की माणसानं काल काय खाल्लं ते कळतं. तुरीचं साल, मेथीचं पान, तिळाचा दाणा. मामाजी घरात काही बोलत नाहीत, मीही त्यांच्यासमोर बोलत नाही, पण त्यांची कवळी मला रोज काहीतरी सांगायची.

पोळा होऊन थोडे दिवस झाले होते. त्या सकाळी कवळीला मासोळीचा वास आला.

मी परत हुंगली. पाणी ओतून पुन्हा हुंगली. माझ्या माहेरी गावतलाव होता, मासोळीचा वास मला कोणी शिकवायला नको. तसंही मला वास लवकर कळतो. दूध नासायच्या आधी मला कळतं, शेजारच्या घरात कोणाला ताप असला तरी दारातून जाताना कळतं.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या घरात मास-मच्छी येत नाही. वस्तीतली काही घरं पाळत नाहीत, त्यांना कोणी विचारत नाही. पण जो ग्रंथ वाचतो त्यानं पाळलंच पाहिजे. मामाजींनी पहिल्या दिवशी विहारात सगळ्यांसमोर हात जोडून तसं म्हटलं होतं. मग वास आला कुठून?

नवरा अंगणात फवारणीचा पंप उघडून बसला होता. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "मामाजीनं मासोळी खाल्ली."

"कोनं सांगतलं?"

"कवळीले वास येऊन राह्यला."

त्यानं पंप खाली ठेवला. "बाबा? वर्षावासात? तुह्यं डोस्कं ठिकानावर आहे ना?"

"हुंगून पाहा."

"आता मी बापाचे दात हुंगत बसू?" तो हसायला लागला. "उद्या म्हनशीन चष्म्याले दारूचा वास येते."

मी पुन्हा विषय काढला नाही. पण पाहायला लागले.

मामाजी दुपारी छत्री घेऊन शेतात जायचे. सोयाबीनमध्ये रोही, म्हणजे नीलगाई, घुसतात, त्यांना हाकलायला जातो म्हणायचे. आधी ते दिवस मावळता मावळता भुकेले परत यायचे, भाकर टाकेपर्यंत दम नसायचा. आता येऊन म्हणायचे, भूक नाही. विहारात जाण्याआधी ओवा चावायचे. मी या घरात आल्यापासून त्यांना कधी ओवा चावताना पाहिलं नव्हतं. आणि हे रोज होत नव्हतं. मंगळवारी व्हायचं. मंगळवारी शिरपूरकडून मासोळ्या विकणारा मोटारसायकलवर आमच्या रस्त्यानं जातो.

एका मंगळवारी मी शेळीसाठी गवत कापायला मुद्दाम शेतात गेले. आमच्या शेताच्या कडेला, पलीकडच्या शेतातल्या खोपडीतून धूर निघत होता. खोपडीच्या खुंटीला काळी छत्री टांगलेली होती. तिला निळं ठिगळ होतं. ते ठिगळ मीच लावलं आहे.

ती खोपडी आमच्या धुरेकऱ्याची. ज्याच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, आपल्या शेताला लागून असतो तो धुरेकरी. आमचं आणि त्याचं बोलणं माझ्या लग्नाच्या आधीपासून बंद आहे. धुऱ्याचा दगड सरकवला म्हणून भांडण झालं, मोजणीवाले आले, कुणाचंच समाधान झालं नाही. तो दुसऱ्या समाजाचा, चांगला जमीनवाला. लहानपणी तो आणि मामाजी एका वर्गात होते असं ऐकलं होतं, पण आमच्या घरात त्याचं नावही निघत नाही. सासूबाई त्याला 'दगडसरक्या' म्हणतात. त्यांची म्हैस त्याच्या शेताकडे पाहायला लागली तरी त्या तिचं तोंड फिरवतात.

मी गवत तसंच सोडून घरी आले. मनात एकच फिरत होतं. इतक्या वर्षांचा वैरी मासोळी कायले खाऊ घालतो? आणि तीही नेमकी वर्षावासात? मला वाटलं, मामाजींचं व्रत मोडायचं आणि मग गावभर सांगायचं, असा त्याचा डाव असेल. मग त्याहून वाईट वाटलं. आमच्याकडे बाया म्हणतात, वैऱ्याच्या हातचं खाऊ नये, तो अन्नातून काहीही घालतो. विहारात असल्या गोष्टी मानू नका म्हणून सांगतात, आणि मी मानतही नाही. पण युरियाचं पोतं प्रत्येकाच्या खोपडीत असतं, फवारणीचं औषध असतं. त्याला करणी लागत नाही.

भादवा अर्धा सरला तेव्हा मामाजींना ताप आला.

ताप साधा नव्हता. दुपारी हुडहुडी भरायची तेव्हा खाट हलायची, त्यावरचा गिलास वाजायचा. मग घामानं गोधडी भिजायची, आणि ते उठून बसायचे, बरं वाटते म्हणायचे. गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावलं, मुदतीचा ताप असेल म्हणाला. गोळ्यांनी उतरला आणि परत आला. मामाजी बरगडीखाली, पोटाच्या वरच्या भागावर, तळहात ठेवून झोपायचे. विचारलं की म्हणायचे, गॅस आहे.

सासूबाईंनी मला चुलीपाशी गाठलं. "काय घातलं व तू भाजीत?"

"तेच, जे सगळ्यायनं खाल्लं."

"मंग सगळे काहून नाही पडले?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण सुनेनं सासऱ्याबद्दल सासूला असं कसं सांगायचं? नवऱ्याला सांगितलं तर तो हसला होता. सासूबाई त्या दिवसापासून मामाजींच्या ताटातला पहिला घास मला खायला लावायला लागल्या. मी उभ्या उभ्या घास खायची, त्या माझ्या तोंडाकडे पाहायच्या. मी या घरात एवढी वर्षं रांधलं आणि आता चोरासारखी माझ्याच हातची भाजी चाखत होते.

ताप हटेना तेव्हा मामाजींना वाशीमला नेलं. खाजगी दवाखाना होता, दोन माळ्यांचा. नर्सबाईनं त्यांच्या तोंडातून कवळी काढून माझ्या हातात दिली. "सांभाळा, हरवली तर आम्हाला बोलू नका." मी ती डबीत घालून पिशवीत ठेवली. कवळी काढल्यावर मामाजींचे गाल आत गेले आणि ते एकदम कोणाचे तरी आजोबा दिसायला लागले. डॉक्टर आले ते त्यानंतर.

मग रक्त घेतलं. एका हातातून घेतलं आणि दोन बाटल्यांत भरलं, मग दुसऱ्या हातातून घेतलं आणि आणखी दोन बाटल्यांत भरलं. औषधाच्या बाटल्यांसारख्या बाटल्या, रंगीत झाकणाच्या, आत आधीच पाणी. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"एवढं रगत कोनाले पाजतेत?"

"तपासणीला जातं, आजी," नर्स म्हणाली.

"कुठी?"

"अकोल्याला."

"वाशीमात मानसं नाहीत का तपासाले?" सासूबाई मला म्हणाल्या, "जाय, पाह्य, खरंच जाते का."

मी जिन्यापर्यंत नर्सच्या मागे गेले. तिनं बाटल्या डब्यात ठेवल्या, डब्यावर चिठ्ठी लावली. ती वळली तेव्हा मी भिंतीकडे पाहिलं. मलाही विश्वास नव्हता. आजारी माणसाच्या दोन्ही हातांतून रक्त कशाला, एकाच अंगात वेगळं रक्त असतं का?

मोठ्या मशीनमध्ये पोटाचा फोटो काढला, त्यात दिसलं की काळजात, म्हणजे लिव्हरमध्ये, पू झाला आहे. डॉक्टरांनी बरगडीखालून सुईनं बारीक नळी घातली आणि पू पिशवीत यायला लागला. नळी घातली तेव्हा मी पडद्याबाहेर होते, तरी वास आला. असा वास मी कधी घेतला नव्हता. तळ्याच्या बुडाचा काळा गाळ ढवळला की येतो, त्याच्या जवळचा. मी पदर नाकाला लावला. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वास आला ना? मलाही त्या वासावरूनच शंका आहे. रिपोर्ट येऊ द्या."

डॉक्टरलाही नाकावरून शंका येते हे मला माहीत नव्हतं.

रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी नवऱ्याला, सासूबाईंना आणि मला खोलीत बोलावलं. मी दाराला लागून उभी राहिले. ते म्हणाले, "रक्त प्रत्येक वेळी दोन बाटल्यांत घेतलं होतं ना, त्यातल्या एकीत हवा असते, दुसरीत नसते. हवा नसलेल्या बाटल्यांत जंतू वाढले. हे जंतू हवेत जगत नाहीत. हे आपल्या आतड्यात राहतात. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. तिथे असतात तोवर काही करत नाहीत. पण रक्तात शिरले तर माणूस जाऊ शकतो."

"मंग ते रगतात गेले कसे?" नवऱ्यानं विचारलं.

"तेच मला कळत नाही. कुठून तरी वाट झाली असणार. औषध बदललंय, पू निघतोय. पाहू."

मी त्या दिवशी जेवले नाही. जे जंतू जन्मापासून आपल्या पोटात राहतात, आपलंच खातात, तेच एक दिवस उठतात. भांडं घासताना, पाणी पिताना मी माझ्याच पोटाकडे शंकेनं पाहत होते.

ताप उतरला. सासूबाईंनी नर्सला चहा पाजला. आणि मग एका सकाळी खाट पुन्हा हलायला लागली.

त्याच दिवशी मी खाली गरम पाणी आणायला गेले तर रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीजवळ धुरेकरी उभा. पांढरी टोपी, हातात वायरची पिशवी. तो दवाखान्याच्या वॉचमनशी काहीतरी बोलत होता आणि वरच्या खिडक्यांकडे पाहत होता. मी खांबाआड झाले. मला वाटलं, हा पाहायला आला. आपलं काम झालं की नाही हे पाहायला आला.

वर आले तर डॉक्टर खाटेपाशी होते. चेहरा नेहमीचा नव्हता. "पू काढला, औषध बरोबर आहे, तरी जंतू परत रक्तात येतायत. म्हणजे वाट अजून उघडी आहे. ती सापडली नाही तर हे हातातून जातील. मला नीट सांगा, महिन्या-दोन महिन्यांत यांनी काय खाल्लं? बाहेरचं, वेगळं, काहीही. काही गिळलं का?"

नवरा म्हणाला, "काई नाही साहेब. वर्षावास चालू आहे. घरचंच खातेत."

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हे रांधते. इले इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. मी मामाजींकडे पाहिलं. त्यांचे डोळे उघडे होते. ते सगळं ऐकत होते. त्यांनी सलाईनचा हात उचलला, दुसरा हात त्याला लावला आणि मला हात जोडले. सासऱ्यानं सुनेला. कोणाला वाटलं असेल, दुखतंय म्हणून जोडले. मला कळलं की ते काय मागतात. विहारातल्या लोकांसमोर त्यांनी जोडले होते ते हेच हात.

ते सगळ्यांसमोर सांगवेना. पण गप्पही बसवेना. मी म्हटलं, "आली मी," आणि जिना उतरून रस्ता ओलांडला.

परक्या पुरुषाशी मी आजवर स्वतःहून बोलले नव्हते. मी त्याच्या चपलांकडे पाहून बोलले. "काय खाऊ घातलं तुमी आमच्या बुढ्याले?"

त्यानं पिशवी खाली ठेवली. "कसा आहे तो?"

"मी काय इचारून राह्यली?"

"मासोळी, पोरी. दुसरं काय? रोहू." त्याचा आवाज बसला होता. "पोळ्याच्या दिवशी त्याचा बैल माह्या वावरात शिरला. दोघंही आलो हाकलाले. दोघंही म्हातारे, बैल काई आवरेना. हसाले लागलो. मंग बसलो. तेव्हापासून दर मंगळवारी."

"वर्षावासात?"

"म्या म्हनलं त्याले, बावा, तुह्यं व्रत आहे. तर म्हने, दात नव्हते तेव्हा कोनं मासोळी देल्ली नाही, आता दात आले तं वर्षावास आला. माह्या घरी सांगशीन तं पाह्य, म्हने."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. "त्यात काय घातलं?"

"तिखट, मीठ, लसून."

"आनखी?"

तेव्हा त्याला कळलं की मी काय विचारते. तो एकदम खाली बसला, टपरीच्या दगडावर. "म्या त्याले जहर देल्लं?"

"मले माहीत नाही. डॉक्टरले सांगा काय घातलं ते. वर चाला."

"तुही सासू मले जित्ता ठेवीन का?"

"तुमी खरं असान तं येसान."

तो आला. जिन्यावर माझ्या मागून त्याचा श्वास ऐकू येत होता. सासूबाईंनी त्याला पाहिलं आणि खाटेजवळच्या बाकावरून उठल्या. "हा दगडसरक्या इथी कायले आला? मेला का जिता पाह्यले? धुरा पुरला नाही का रे तुले?"

"वयनी, नंतर शिव्या द्या. आधी डॉक्टर कुठी?"

डॉक्टर जाता जाता थांबले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. नवरा माझ्याकडे असा पाहत होता की जणू मी त्याची बायको नाही. मी म्हटलं, "मामाजीनं याहीच्या खोपडीत मासोळी खाल्ली. पोळ्यापासून खाऊन राह्यले. याहीनं मासोळीत काई घातलं असंन, ते तपासा."

मामाजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी धुरेकऱ्याकडे पाहिलंच नाही. ते म्हणाले, "मासोळी? काटेवाली?"

"काटे म्या काढून देत होतो," धुरेकरी म्हणाला. "हातानं. नवे दात म्हनून."

"नवे दात कोणाला? यांना तर वर दातच नाहीत."

मी पिशवीतून डबी काढली आणि उघडून त्यांच्यापुढे धरली. डॉक्टरांनी कवळी हातात घेतली, उलटी केली, टाळूचा गुलाबी भाग अंगठ्यानं दाबून पाहिला. मग आपल्या खोलीत गेले आणि फोटो काढणाऱ्या डॉक्टरला फोन लावला. दार उघडं होतं. "तो मोठ्या मशीनचा फोटो परत बघा. पूची गाठ बघू नका. जठर आणि लिव्हरच्या मध्ये बघा. एखादी बारीक रेघ आहे का? रेघ."

आम्ही सगळे दाराशी. सासूबाईंच्या बाजूला धुरेकरी, दोघांमध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा.

डॉक्टर बाहेर आले. "आहे."

त्यांनी समजावून सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. आपण घास चावतो तेव्हा काटा आहे हे टाळूला कळतं. कवळीनं टाळू झाकलेला असला की कळत नाही, माणूस काटा गिळून टाकतो आणि त्याला पत्ताही नसतो. बहुतेक काटे आपोआप निघून जातात. हा आडवा झाला. जठराची भिंत टोचून तो लिव्हरमध्ये शिरला आणि त्याच वाटेनं पोटातले जंतू मागोमाग गेले. पू काढला तरी काटा तिथेच होता, म्हणून वाट उघडीच होती. काटा काढावा लागेल.

ऑपरेशन चालू होतं तेव्हा आम्ही सगळे बाहेर बाकावर बसलो होतो. मग सासूबाईच म्हणाल्या, समोरच्या भिंतीकडे पाहत, "काटे काढून देत होता म्हने. डोये गेले का तुये?"

"एक डोया गेला, वयनी. मोतीबिंदू आहे."

"मंग कायले दुसऱ्याच्या बुढ्याचे काटे काढतं?"

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "त्याले दिसत नाही, मले दिसत नाही. दोघायनं मिळून काढत होतो."

सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग मला म्हणाल्या, "च्या आन." मी किती आणू म्हणून पाहिलं, तर त्या तोंड फिरवून बसल्या होत्या. मी धुरेकऱ्यासाठीही आणला. त्यांनी पाहिलं आणि आपला कप उचलला.

काटा छोट्या बाटलीत घालून दाखवला. शिवायच्या सुईसारखा, थोडा वाकलेला, टोकाला काळा. एवढाच. मी तो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. मला वाटलं होतं, विष असेल, कोणाचा तरी डाव असेल. बाटलीत डाव दिसत नव्हता. तरी माझं मन लगेच मानायला तयार झालं नाही. घरी आल्यावरही कितीतरी दिवस मी विचार करत होते, एक डोळा अधू आहे तर त्यानं काटे काढायचं कबूल केलंच कशाला? सासूबाई तर अजून म्हणतात, "काटा ठेवलाच असंन एखादा. दगड सरकवनारा मानूस आहे तो."

आश्विन पौर्णिमेला मामाजी विहारात गेले ते नवऱ्याचा हात धरून. त्या वर्षी उरलेला ग्रंथ दुसऱ्यांनी वाचला होता. खीर वाटायच्या आधी मामाजी उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की आपण व्रत मोडलं, कुठे मोडलं, कोणासोबत मोडलं. कवळी घातलेली नव्हती, त्यामुळे शब्द पुन्हा फसफसले. या वेळी मागच्या बाया हसल्या नाहीत. एक म्हातारी मात्र मोठ्यानं म्हणाली, "मासोळी कशी होती ते तं सांगा!" तेव्हा सगळा विहार हसला, आणि मामाजीही.

आता मासोळी आमच्या अंगणात शिजते, मीच शिजवते. धुरेकरी मंगळवारी धुऱ्यावरून येतो, ओट्याच्या पायरीवर बसतो, वर चढत नाही. सासूबाई त्याच्याशी बोलत नाहीत, त्याच्या ताटाशी बोलतात. "ताटाले आनखी रस्सा पाह्यजे का इचार." आमच्या घरात नियम झाला आहे. मासोळीच्या दिवशी मामाजींची कवळी गिलासात, आणि गिलास माझ्यासमोर. ते उघड्या टाळूनं, हिरड्यांनी, हळूहळू खातात. प्रत्येक तुकडा मी आधी बोटांनी दाबते, दोन बाजूंनी दाबते, मग त्यांच्या ताटात जातो. धुरेकरी एकदा म्हणाला, "सूनबाई, मेलेल्या मासोळीचाही तुले भरोसा नाही." मी पदर सावरला आणि दाबत राहिले.

डॉक्टरांनी सांगितलं आहे की पुन्हा असं झालं तर या वयात शरीराला झेपणार नाही. ते मामाजींना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं. पण ते लक्षात ठेवायचं काम माझ्याकडे आलं आहे, कवळीसारखंच. रोज सकाळी मी ब्रश लावायच्या आधी कवळी हुंगते. नवरा पाहतो, आता हसत नाही.

काल मंगळवार नव्हता. काल दुपारी मामाजी हरभरा पाहायला गेले, संध्याकाळी भूक नाही म्हणाले. आज सकाळी मी गिलासातून कवळी काढली, उलटी केली आणि नाकाशी नेली.

वास आला.

तुकडा अडकलेला नव्हता, काटा नव्हता. पण लसूण होता, आणि त्याखाली रोहू. म्हणजे कवळी घालूनच खाल्लं. मी ती घासली, पुसली, डबीत ठेवली आणि डबी कमरेला खोचली. आज त्यांना मिळणार नाही. अंगणातून पाहिलं तर धुऱ्यापलीकडच्या खोपडीतून बारीक धूर निघत होता, आणि मामाजींची छत्री घरातल्या खुंटीवर नव्हती.

सासूबाईंनी विचारलं, "कुठी चालली?"

"धुऱ्यावर," मी म्हटलं आणि चपला घातल्या.